स्वर, ताल आणि त्यांची लिपी

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• नाद, स्वर, सप्तक, लय, मात्रा, ताल, थाट व राग या संज्ञांचा अर्थ सांगणे;
• शुद्ध, कोमल व तीव्र स्वर ओळखून त्यांच्या खुणा लिहिणे;
• हाताने टाळी व खाली दाखवून तीनताल म्हणणे;
• स्वरलिपीमुळे संगीताच्या शिक्षणात कोणता बदल झाला ते स्पष्ट करणे;
• संगीतातून मराठी भाषेत आलेल्या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करणे.

१. प्रस्तावना

छत्तीसगडची राजधानी रायपूर. अठराव्या शतकात या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली आणि तेव्हापासून मराठी कुटुंबे येथे येत राहिली. पुढे १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे शिक्षण, नोकरी, वकिली अशा अनेक कारणांनी हे नाते टिकून राहिले. शहरातील तात्यापारा या वस्तीच्या नावातही त्याची आठवण उरली आहे.

भाद्रपदात या शहरातील मराठी घरांत गणपती बसतात. संध्याकाळी आरतीला सारे घर जमते. आजी, नातू, शेजारी, नुकतीच कामावरून आलेली सून असे सगळे मिळून टाळ्या वाजवितात. नातवाची टाळी पुढे धावली, तर आजी त्याचा हात धरून ती पुन्हा जागेवर आणते. कोणी फार उंच आवाजात आरती सुरू केली, तर दुसऱ्या कडव्यापर्यंत इतरांचे आवाज पुरत नाहीत आणि मग सगळे हसून खालच्या आवाजात नव्याने सुरुवात करतात. दिवाळीच्या सुमारास याच परिसरातील छत्तीसगडी स्त्रिया टोपलीत मातीचा राघू ठेवून त्याच्याभोवती फेर धरतात आणि टाळ्यांच्या साथीवर सुवागीते गातात. त्यांच्या टाळ्याही एकाच वेळी पडतात.

या आजीने किंवा सुवा गाणाऱ्या स्त्रियांनी संगीताचे पुस्तक वाचलेले नसते. तरीही टाळी कोठे पडावी हे त्यांना कळते, आवाज चढला की उतरला हेही कळते. मग संगीताचे शास्त्र शिकावयाचे कशासाठी? जे कानाला आधीच ठाऊक आहे त्याला नाव देणे, ते लिहून ठेवणे आणि ज्याच्या घरात गाणे नाही अशा माणसाच्या हातीही ते पोहोचविणे, हे शास्त्राचे काम आहे. हे काम कसे झाले आणि त्याची मर्यादा कोणती, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

२. नाद आणि स्वर

कोणतीही वस्तू कंप पावली की ध्वनी निर्माण होतो. भांडे पडले, दार आपटले, तर जो आवाज होतो त्यातील कंपने अनियमित असतात. अशा आवाजाला गोंगाट म्हणतात. तंबोऱ्याची तार छेडली तर तिची कंपने नियमित असतात. तो आवाज कानाला गोड वाटतो. संगीताला उपयोगी पडणाऱ्या अशा नियमित कंपनांच्या ध्वनीला 'नाद' असे म्हणतात.

नादाचे तीन गुण सांगितले जातात. पहिला उंची, म्हणजे नाद उंच आहे की खालचा. दर सेकंदाला जितकी कंपने अधिक, तितका नाद उंच. दुसरा गुण लहान-मोठेपणा. तीच तार हळू छेडली तर आवाज जवळच ऐकू येतो, जोरात छेडली तर दूरवर जातो; परंतु त्याची उंची बदलत नाही. तिसरा गुण जाती. बासरी, पेटी आणि माणसाचा गळा यांतून एकाच उंचीचा नाद निघाला, तरी न पाहता कोणता आवाज कशाचा हे ओळखता येते. नवशिक्याकडून पहिल्या दोन गुणांची गल्लत फार होते. 'वर गा' असे सांगितले की तो मोठ्याने गातो. उंच गाणे आणि मोठ्याने गाणे या भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

नादाच्या खालपासून वरपर्यंतच्या पट्टीवर ठरावीक अंतरांवर जे नाद निश्चित केले आहेत, त्यांना 'स्वर' म्हणतात. मुख्य स्वर सात आहेत : षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत आणि निषाद. गाताना त्यांची संक्षिप्त नावे घेतात : सा, रे, ग, म, प, ध, नी. या सात स्वरांच्या समूहाला 'सप्तक' म्हणतात.

निषादानंतर पुन्हा षड्ज येतो, मात्र तो दुप्पट उंचीचा असतो. समजा, एखाद्या गायकाच्या षड्जाची कंपने सेकंदाला २४० आहेत. तर त्याच्या वरच्या षड्जाची ४८० आणि खालच्या षड्जाची १२० असतील. पंचमाची कंपने षड्जाच्या दीडपट, म्हणजे ३६० असतील. गायनात सामान्यतः तीन सप्तके वापरतात : खालचे मंद्र, मधले मध्य आणि वरचे तार.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावी. षड्जाची उंची सर्वांसाठी एकच ठरलेली नसते. ज्याचा आवाज ज्या उंचीवर सहज लागतो, ती उंची त्याचा षड्ज. इतर सर्व स्वर या षड्जापासूनच्या अंतराने ठरतात. आरतीच्या वेळी आवाज पुरला नाही तेव्हा सर्वांनी मिळून हेच केले : षड्ज खाली आणला. चाल तीच राहिली, कारण स्वरांमधील अंतरे बदलली नाहीत.

३. बारा स्वर

सात स्वरांपैकी सा आणि प हे आपली जागा सोडत नाहीत. म्हणून त्यांना 'अचल' स्वर म्हणतात. उरलेले पाच स्वर आपल्या मूळ जागेवर असतात तेव्हा 'शुद्ध' म्हटले जातात. रे, ग, ध, नी हे चार स्वर शुद्ध जागेवरून खाली उतरतात तेव्हा त्यांना 'कोमल' म्हणतात. मध्यम मात्र वर चढतो. त्याला 'तीव्र' म्हणतात. याप्रमाणे सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र मिळून एका सप्तकात बारा स्वर होतात.

पेटीवर हे बारा स्वर डोळ्यांना दिसतात. पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांना मराठीत 'पांढरी एक', 'काळी एक', 'काळी दोन' अशी नावे आहेत. पांढरी एक ही पट्टी षड्ज मानली, तर पुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवर क्रमाने शुद्ध स्वर मिळतात. काळी एक हा कोमल रे, काळी दोन हा कोमल ग, काळी तीन हा तीव्र म, काळी चार हा कोमल ध आणि काळी पाच हा कोमल नी. 'अमक्याची पट्टी काळी चार आहे' असे म्हणतात, तेव्हा त्याचा षड्ज त्या पट्टीवर आहे असा अर्थ असतो.

पाठगत प्रश्न १
रिकाम्या जागा भरा.
(अ) नियमित कंपनांच्या संगीतोपयोगी ध्वनीला ________ म्हणतात.
(आ) सा आणि ________ हे अचल स्वर आहेत.
(इ) षड्जाची कंपने २०० असतील, तर तार षड्जाची ________ असतील.

४. लय, मात्रा आणि ताल

चालणाऱ्या माणसाची पावले सारख्या अंतराने पडतात. घड्याळाचा लंबकही सारख्या अंतराने हलतो. गाण्यात दोन आघातांमध्ये जो सारखा काळ जातो, त्या गतीला 'लय' म्हणतात. गती संथ असेल तर विलंबित लय, मध्यम असेल तर मध्य लय आणि जलद असेल तर द्रुत लय. लय मोजण्याचे जे एकक, ती 'मात्रा'.

नुसत्या मात्रा मोजत गेल्यास त्यांना आकार येत नाही. म्हणून ठरावीक मात्रांचे एक आवर्तन करतात, त्याचे विभाग पाडतात आणि काही विभागांवर टाळी व काहींवर 'खाली' दाखवितात. अशा मात्रांच्या बांधणीला 'ताल' म्हणतात. तालाची पहिली मात्रा म्हणजे 'सम'. गायक कितीही आलाप-ताना घेत गेला, तरी फिरून समेवर येऊन मिळतो आणि श्रोत्याची मान तेव्हा आपोआप डोलते. तबल्यावर ताल ज्या ठरलेल्या बोलांनी वाजवितात, त्यांना 'ठेका' म्हणतात.

तीनताल १६ मात्रांचा असून त्याचे चार-चार मात्रांचे चार विभाग आहेत. टाळी १, ५ व १३ या मात्रांवर आणि खाली ९ व्या मात्रेवर येते.

× धा धिं धिं धा | २ धा धिं धिं धा | ० धा तिं तिं ता | ३ ता धिं धिं धा

येथे '×' ही समेची, '०' ही खालीची खूण आहे. २ व ३ हे दुसऱ्या आणि तिसऱ्या टाळीचे अंक आहेत. हाताने ताल धरताना टाळीच्या जागी टाळी वाजवावी आणि खालीच्या जागी हात मोकळा बाजूला न्यावा. खाली म्हणजे थांबणे नव्हे. तेथे आवाज होत नाही, पण मोजणी चालूच असते. नवव्या मात्रेवर हात मोकळा जाताच आवर्तनाचा अर्धा भाग संपल्याचे कळते आणि समेची वाट पाहता येते.

सुगम संगीतात व लोकगीतांत दादरा हा ६ मात्रांचा आणि केरवा हा ८ मात्रांचा ताल फार आढळतो. महाराष्ट्रातील भजनांत वाजणारा भजनी ठेकाही ८ मात्रांचाच आहे. झपताल १० मात्रांचा असून त्याचे विभाग दोन, तीन, दोन, तीन असे विषम आहेत.

पाठगत प्रश्न २
(अ) तालाच्या पहिल्या मात्रेला काय म्हणतात?
(आ) तीनतालात खाली कितव्या मात्रेवर असते?
(इ) झपतालाच्या विभागांतील मात्रांची संख्या क्रमाने लिहा.

५. गाणे कागदावर कसे लिहितात?

स्वर आणि मात्रा या दोन गोष्टी समजल्या की गाणे लिहिता येते. उत्तर भारतीय संगीतात आज सर्वांत अधिक प्रचारात असलेली लिपी पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी रूढ केली. तिच्यातील मुख्य खुणा अशा :

• शुद्ध स्वराला कोणतीही खूण नसते : रे, ग, ध.
• कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते : रे॒, ग॒, ध॒, नी॒.
• तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असते : म॑.
• मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब आणि तार सप्तकातील स्वरावर टिंब देतात : नी़, सां.
• स्वर पुढच्या मात्रेवर लांबविला, तर तेथे '–' अशी रेघ देतात. शब्दातील अक्षर लांबविले, तर 'ऽ' ही खूण देतात.

आठ मात्रांच्या केरव्यात बसविलेली एक सोपी ओळ पाहा.

मात्रा : १ २ ३ ४ | ५ ६ ७ ८
स्वर : सा रे ग – | प ग रे सा
शब्द : आ ली दि ऽ | वा ळी घ री
खूण : × (पहिली मात्रा) | ० (पाचवी मात्रा)

ही ओळ ज्याने कधीच ऐकलेली नाही, तोही आपल्या षड्जापासून सुरुवात करून ती गाऊ शकेल. ही गोष्ट आज साधी वाटते, परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती साधी नव्हती.

६. लिपीमागची धडपड

त्या काळी उत्तर भारतीय संगीताची विद्या मुख्यतः घराण्यांत राहत असे. गुरू समोर बसून शिकवी, शिष्य ऐकून पाठ करी. शिष्याला वर्षानुवर्षे गुरूच्या घरी राहावे लागे. दुर्मिळ बंदिशी आणि राग अनेकदा पुत्राला किंवा जवळच्या शिष्यालाच मिळत. यात केवळ कोतेपणा होता असे मानणे योग्य नव्हे. ती विद्या हेच त्या कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन होते आणि दरबारातील त्यांचे स्थान तिच्यावरच अवलंबून होते. परंतु परिणाम असा होई, की एखादा गायक गेला की त्याच्याबरोबर काही बंदिशीही कायमच्या जात. आणि ज्याचा जन्म अशा घराण्यात झाला नाही, त्याला या विद्येचे दार सहसा बंदच राही.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. व्यवसायाने ते वकील होते. विद्यार्थिदशेत ते सतार शिकले आणि पुढे मुंबईतील गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी अनेक गायकांचे गाणे ऐकले व शिकले. त्यांना एक प्रश्न सतावू लागला. जुन्या संस्कृत ग्रंथांत संगीताचे जे नियम लिहिले आहेत, ते प्रत्यक्ष गाण्याशी जुळत नाहीत; आणि जे प्रत्यक्ष गायले जाते, त्याचे नियम कोठे लिहिलेले नाहीत. पत्नी व मुलगी यांच्या निधनानंतर त्यांनी हळूहळू वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य या प्रश्नाला वाहिले.

१९०४ मध्ये ते दक्षिण भारतात गेले. तेथील संगीतात ७२ मेळांची व्यवस्थित मांडणी होती. तशी मांडणी उत्तरेच्या संगीताची करता येईल का, याचा विचार त्यांनी केला. नंतर उत्तर व पूर्व भारतात हिंडून त्यांनी ग्रंथालये पाहिली आणि गायकांच्या भेटी घेतल्या. काहींनी विश्वास ठेवला, काहींनी ठेवला नाही. जयपूरच्या मनरंग परंपरेतील गायकांकडून त्यांना शेकडो बंदिशी मिळाल्या. ऐकलेली प्रत्येक बंदिश ते स्वर-तालासह लिहून घेत.

या श्रमांतून ग्रंथ निर्माण झाले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांच्या मालेत हजाराहून अधिक बंदिशी स्वरलिपीत छापल्या गेल्या. हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक शास्त्राचे हे पायाभूत ग्रंथ प्रथम मराठीत लिहिले गेले आणि पुढे हिंदीत गेले, ही मराठी वाचकाने जाणून घ्यावी अशी गोष्ट आहे. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्या आयोजनात भातखंडे अग्रभागी होते. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६ मध्ये लखनौला त्यांच्या मार्गदर्शनाखाली संगीताची महाविद्यालये सुरू झाली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

याच काळात दुसरे एक मराठी गायक हेच दार दुसऱ्या बाजूने उघडत होते. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेले पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांनीही स्वतंत्र स्वरलिपी तयार केली. भातखंडे यांनी शास्त्र व संग्रह यांवर भर दिला, तर पलुस्करांनी शाळा आणि शिष्य उभे केले.

७. थाट आणि राग

गोळा केलेल्या रागांची वर्गवारी करण्यासाठी भातखंडे यांनी दहा थाट मानले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. थाट म्हणजे बारा स्वरांतून निवडलेल्या सात स्वरांचा साचा. बिलावलात सर्व स्वर शुद्ध असतात. कल्याणात मध्यम तेवढा तीव्र असतो. खमाजात निषाद कोमल, काफीत गांधार व निषाद कोमल, भैरवात ऋषभ व धैवत कोमल, तर भैरवीत ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद हे चारही कोमल असतात.

थाट गायचा नसतो. गायचा असतो तो राग. रागाला आरोह म्हणजे स्वरांचा चढता क्रम आणि अवरोह म्हणजे उतरता क्रम असतो. रागात किमान पाच स्वर असावेत, षड्ज कधीही वर्ज्य नसावा आणि मध्यम व पंचम दोन्ही एकाच वेळी वर्ज्य नसावेत, असे सामान्य नियम सांगितले जातात. पाच स्वरांच्या रागाला औडव, सहांच्या रागाला षाडव आणि सातांच्या रागाला संपूर्ण जातीचा राग म्हणतात. ज्या स्वराला रागात सर्वाधिक महत्त्व, तो 'वादी' आणि त्याच्या खालोखाल महत्त्वाचा तो 'संवादी'.

दहा थाटांची मांडणी नवशिक्याला फार सोयीची आहे, मात्र सर्व राग तिच्यात बिनचूक बसत नाहीत. मधुवंती रागात गांधार कोमल आणि मध्यम तीव्र असून बाकीचे स्वर शुद्ध आहेत. असा साचा दहा थाटांत नाही. अहिर भैरवात ऋषभ व निषाद कोमल आहेत. तोही साचा दहांत नाही, तरी चलनाच्या साम्यामुळे तो भैरव थाटात घालतात. ही वर्गवारी गाणे समजावे म्हणून केलेली आहे. गाणे तिच्यासाठी घडलेले नाही.

८. लिपीत न मावणारे

भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर सारखेच आहेत : सा, रे, ग, प, ध. दोन्हींत मध्यम व निषाद वर्ज्य आहेत आणि सर्व स्वर शुद्ध आहेत. कागदावर दोन्हींसाठी तीच पाच अक्षरे लिहावी लागतात. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि देशकार सकाळी. भूपाचा वादी गांधार, संवादी धैवत. देशकाराचा वादी धैवत, संवादी गांधार. भूपात गाणे गांधाराभोवती शांतपणे विसावते. देशकारात ते धैवताकडे झेपावते आणि सप्तकाच्या वरच्या अंगात खेळते. कोणत्या स्वरावर किती थांबावे, कोठून कसे उतरावे, हे अक्षरांवरून पुरते कळत नाही. ते गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात यावे लागते.

लोकपरंपरेकडे पाहिले की ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. छत्तीसगडच्या पंडवानीत एका हाती तंबूरा घेऊन गायिका महाभारताची कथा गाते, बोलते आणि अभिनयाने उभी करते. दुर्ग जिल्ह्यातील तीजनबाई यांनी ही कला जगभर नेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. त्यांना ही विद्या स्वरलिपीतून नव्हे, ऐकण्यातून मिळाली. लिपी नाही म्हणून ते संगीत उणे ठरत नाही.

तेव्हा लिपी गुरूची जागा घेत नाही आणि कानाचीही घेत नाही. मग तिने दिले काय? तिने विसरले जाणारे जपून ठेवले आणि लांब राहणाऱ्याला जवळ आणले.

९. मुंबईहून खैरागडपर्यंत

हे जवळ आणणे कसे घडले, याचे उदाहरण छत्तीसगडातच सापडते. रायपूरच्या पश्चिमेला खैरागड हे गाव आहे. तेथील राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची इंदिरा नावाची कन्या अकाली वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी आपला राजवाडा संगीताच्या शिक्षणासाठी दिला. तेथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची स्थापना झाली.

स्थापनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या विद्यापीठाचे कुलगुरुपद पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी भूषविले. रातंजनकर हे मुंबईचे, भातखंडे यांचे शिष्य. लखनौच्या महाविद्यालयाचे ते १९२८ पासून प्राचार्य होते. मुंबईतील एका वकिलाने मराठीत मांडलेले शास्त्र अशा रीतीने लखनौमार्गे छत्तीसगडातील एका लहान गावी पोहोचले. जेथे एकेकाळी केवळ राजाच्या निमंत्रितांनी गाणे ऐकले असेल, त्या वास्तूत सामान्य घरांतील मुले-मुली वही उघडून स्वर लिहू लागली.

संगीत शिकण्यास वयाची अट नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्था प्रारंभिक परीक्षेपासून विशारद व त्यापुढील परीक्षा घेतात. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांना वाटते की आता उशीर झाला. परंतु आरतीत नातवाची टाळी जागेवर आणणारी आजी सम ओळखतच होती. तिला फक्त 'सम' हा शब्द ठाऊक नव्हता. शास्त्राची सुरुवात करणारा प्रौढ विद्यार्थी पूर्ण अजाण नसतो. जे त्याचे आधीपासून आहे, त्याची नावे तो शिकत असतो.

१०. भाषाभ्यास

संगीतातील अनेक शब्द मराठीच्या रोजच्या बोलण्यात रुळले आहेत. पुढील वाक्प्रचार व त्यांचे अर्थ पाहा.
• सूर जुळणे – एकमेकांशी मन मिळणे. (नव्या शेजारणीशी आईचे लवकरच सूर जुळले.)
• री ओढणे – दुसऱ्याच्या म्हणण्याला विचार न करता दुजोरा देणे. (सभेत सगळ्यांनी अध्यक्षांचीच री ओढली.)
• एकच तुणतुणे वाजविणे – तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे.
• नाराजीचा सूर काढणे – बोलण्यातून नापसंती दाखविणे.
• पालुपद लावणे – एकच तक्रार सतत करीत राहणे. 'पालुपद' म्हणजे गीतात पुन्हा पुन्हा येणारी ओळ.

११. शब्दार्थ

संज्ञा – शास्त्रातील विशिष्ट अर्थाचा शब्द. वर्ज्य – वगळलेला. बंदिश – स्वर-तालात बांधलेली रचना. आवर्तन – तालाची एक पूर्ण फेरी. चलन – रागातील स्वरांची विशिष्ट चाल. प्रहर – तीन तासांचा काळ. उपजीविका – पोट भरण्याचे साधन.

१२. तुम्ही काय शिकलात?

• नियमित कंपनांचा ध्वनी म्हणजे नाद. एका सप्तकात सात शुद्ध, चार कोमल व एक तीव्र असे बारा स्वर असतात.
• सर्व स्वर षड्जापासूनच्या अंतराने ठरतात. षड्ज ज्याचा त्याने आपल्या आवाजानुसार ठरवावयाचा असतो.
• सारख्या अंतराच्या गतीला लय, तिच्या एककाला मात्रा आणि मात्रांच्या ठरावीक बांधणीला ताल म्हणतात.
• भातखंडे व पलुस्कर यांच्या लिपी, ग्रंथ आणि विद्यालयांमुळे घराण्याबाहेरच्या माणसालाही संगीत शिकणे शक्य झाले.
• लिपी गाणे जपते व पोहोचविते. रागाचे रूप मात्र ऐकून आणि गाऊनच कळते.

१३. स्वाध्याय

१. उंच गाणे आणि मोठ्याने गाणे यांतील फरक उदाहरणासह लिहा.
२. आरती खालच्या आवाजात पुन्हा सुरू केली तरी तिची चाल का बदलत नाही?
३. घराण्यांतील गायक आपली विद्या सहसा बाहेर का देत नसत? या रीतीचे तोटे कोणते होते? तुमचे मत लिहा.
४. भूप व देशकार यांच्या उदाहरणावरून लिपीची मर्यादा स्पष्ट करा.
५. 'सूर जुळणे' आणि 'री ओढणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
६. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एखादी ओवी, आरती किंवा लोकगीत ऐका. टाळी कोणत्या अक्षरांवर पडते ते वहीत खुणेने दाखवा. गीत, गाणाऱ्याचे गाव आणि ते केव्हा गातात याचीही नोंद करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) नाद (आ) प (इ) ४००
२. (अ) सम (आ) नवव्या (इ) २, ३, २, ३